घरबसल्या वीज कंपनी चालवा
(नवशिक्यांसाठी सोपी मार्गदर्शिका, महाराष्ट्र आवृत्ती)

सर्वप्रथम अभिनंदन. ज्या अर्थी ही पुस्तिका तुमच्या हातात आहे, त्या अर्थी एखाद्या शहराला, जिल्ह्याला किंवा सबंध राज्यालाच वीज पुरवायचं तुमच्या मनात आलेलं आहे. मेणबत्त्या, अगरबत्त्या आणि पापड यांपेक्षा हा उद्योग केव्हाही सरस. गिऱ्हाईक शोधत दारोदार फिरावं लागत नाही, ते आपल्या पायाने अर्ज घेऊन येतं. आलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जात नाही, कारण गल्लीत दुसरं दुकानच नसतं. दिवा मिणमिणता लागला म्हणून माल परत करायला कोणी येत नाही. आणि उधारीची तर भीतीच नको. गिऱ्हाईक सुरक्षा ठेव आधी भरतं, मगच त्याला मीटर मिळतो.

मग अडचण कुठे आहे? या धंद्यात तोटा होतो, ही अडचण आहे. खांब, तारा, उपकेंद्रं यांत पैसा आज ओतावा लागतो आणि तो पुढची पंचवीस वर्षं चिल्लर होऊन परत येतो. वीज विकत घ्यायचा भाव तुमच्या हातात नसतो. विकायच्या भावावर तर निवडणुका होतात. मधल्या मध्ये तारा तापून, आकडे पडून, मीटर अडकून काही वीज हवेत जाते ती वेगळीच. तेव्हा तोटा होणार हे धरून चालायचं. तो कुठे ठेवायचा, कोणाच्या नावावर लिहायचा आणि कोणत्या साली बाहेर काढायचा, यात या धंद्याचं सगळं कसब आहे. पुढची सगळी प्रकरणं त्याविषयीच आहेत. सरकारी चांगलं की खासगी चांगलं, हा वाद कट्ट्यावर बसून घालायला उत्तम. अभ्यासाच्या वेळी तो बाजूला ठेवावा.

लागणारं साहित्य

विद्युत कायदा, २००३, एक प्रत. सगळी वाचायची गरज नाही, पण दोन कलमं पाठ हवीत. कलम ४३ म्हणतं की मागेल त्याला वीज दिली पाहिजे. कलम ५६ म्हणतं की बिल न भरणाऱ्याची वीज पंधरा दिवसांची नोटीस देऊन तोडता येते. पहिलं कलम भाषणात वापरावं, दुसरं मार्च महिन्यात.

एक नियामक आयोग. एक ऊर्जामंत्री. उपकेंद्रं, फिडर आणि डीप्या गरजेनुसार. लाईनमन, गरजेपेक्षा थोडे कमी. आणि मागील वर्षांचा तोटा. तो मात्र वेगळा आणावा लागत नाही, कंपनीबरोबरच येतो.

मालक निवडणे

बाजारात मालकाचे चार-पाच प्रकार मिळतात. सगळे चालतात. तोटा ठेवायची जागा तेवढी प्रत्येकात वेगळी असते.

*सरकारी.* हा सगळ्यात मोठ्या मापाचा. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ २० जून १९६० ला स्थापन झालं. त्याआधी जिथे बिल भरणारी वस्ती होती तिथे दिवे होते, बाकीच्या राज्यात रॉकेल होतं. मंडळाने डोंगरातल्या वाड्यांपर्यंत खांब नेले. दहा घरांसाठी तीन किलोमीटर तार ओढणं कुठल्याच नफ्याच्या हिशोबात बसत नाही, आणि मंडळाने ते हजारो वेळा केलं. ही एवढी गोष्ट या पुस्तिकेत थट्टेशिवाय सांगितली आहे, याची नोंद घ्यावी.

२००५ च्या जूनमध्ये मंडळाचे तुकडे झाले : महानिर्मिती, महापारेषण, महावितरण, आणि या तिघींच्या वर एक सूत्रधारी कंपनी. हेतू असा की कोण किती तोटा करतं ते स्वच्छ दिसावं. आता महानिर्मिती महावितरणला वीज विकते, महावितरण पैसे उशिरा देते, उशिराबद्दल महानिर्मिती व्याज मागते, आणि तिघींचा मालक एकच आहे. गावात अजूनही ‘एमएसईबीवाले आलेत’ असंच म्हणतात. गावाचं चुकत नाही.

सरकारी मालक निवडलात तर एक लक्षात ठेवा. राज्य सरकार कंपनीचं मालक असतं, शेतीपंपांची सबसिडी तेच द्यायचं असतं, निवड समितीच्या शिफारशीवरून आयोगाचे सदस्य तेच नेमतं, आणि घरगुती बिलावर सोळा टक्के वीज शुल्कही तेच घेतं. म्हणजे बिल वाढलं की एकाच सरकारच्या एका खिशाला वाईट वाटतं आणि दुसऱ्याला बरं.

*सरकारी, अगदी साधं.* हा प्रकार गोव्यात मिळतो. तिथे कंपनी वगैरे काही नाही, सरकारचं वीज खातंच वीज पुरवतं. अभियंता सरकारी नोकर, वीजमंत्री थेट वर. गोव्याची स्वतःची वीजनिर्मिती नावापुरतीच, वीज येते ती बाहेरच्या केंद्रांतून. तोटा अर्थसंकल्पात ठेवता येतो. सुटसुटीत पद्धत आहे.

*पालिकेचा.* बेस्ट ही मुळात खासगी कंपनी. मुंबई महापालिकेने ती ७ ऑगस्ट १९४७ ला ताब्यात घेतली, स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी. एका छपराखाली वीज आणि बस. विजेत पैसे सुटत, बसमध्ये जात. मध्यंतरी काही वर्षं शहर भागातल्या वीज बिलात परिवहनाची तूट भरून काढायचा आकारच वेगळा छापून येत असे. लोक कोर्टात गेले. तत्त्वाने पाहिलं तर हे चूकच : वीज वापरणाऱ्याने बसचं तिकीट का काढावं? पण मला विचाराल तर या पुस्तिकेत जेवढ्या जागी तोटा ठेवलेला तुम्हाला दिसेल, त्यात ही जागा सगळ्यात सभ्य होती. मलबार हिलच्या वातानुकूलित दिवाणखान्यातून पैसा निघायचा आणि त्याच दिवाणखान्यात लादी पुसायला येणाऱ्या बाईच्या बसमध्ये पोचायचा. निदान कुठून कुठे गेला ते छापलेलं तरी होतं.

*खासगी.* टाटांनी लोणावळ्याच्या तळ्यांचं पाणी खोपोलीला उतरवून १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली. पुढे मुळशीचं धरण आलं, आणि १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांचा सत्याग्रह. जमिनी सरकारने कायद्याने घेतल्या आणि कंपनीला दिल्या. भिऱ्याचं वीजकेंद्र १९२७ मध्ये सुरू झालं. नवशिक्यांनी यातून काय शिकायचं? खासगी उद्योगात सगळा खर्च खासगी असतोच असं नाही. काही खर्च भातखाचरांच्या मालकांच्या नावावर घालता येतो, आणि तो ताळेबंदात कधीच येत नाही.

मुंबईच्या उपनगरात १९२९ पासून बीएसईएस होती. मग ती रिलायन्सची झाली, २०१८ मध्ये अदानींची. मीटर तिथेच राहिले, तारा त्याच राहिल्या. अंधेरीच्या ग्राहकाला बिलाच्या कोपऱ्यातलं चित्र बदललेलं दिसलं तेव्हा मालक बदलल्याचं समजलं.

*सहकारी.* हा खास आपल्या मातीतला. श्रीरामपूरच्या मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेत ग्राहक हेच सभासद आणि सभासद हेच मालक. संस्था मंडळाकडून ठोक वीज घ्यायची आणि साखरपट्ट्यातल्या गावांना विकायची. ठोक विजेचं बिल मात्र भरायचं राहून जायचं. वर्षानुवर्षं राहून गेलं. शेवटी जानेवारी २०११ अखेर परवान्याची मुदत संपली आणि महावितरणने गावं ताब्यात घेतली. थकबाकी कागदावर महावितरणच्या खात्यात बसली, म्हणजे चंद्रपूरपासून सावंतवाडीपर्यंतच्या ग्राहकांत वाटली गेली. सहकार याहून व्यापक होऊ शकत नाही.

करार कसा लिहावा

हे प्रकरण मन लावून वाचा. बाकीच्या सगळ्या युक्त्या वर्षाकाठी शे-दोनशे कोटींच्या असतात. नीट लिहिलेला करार पिढीभर पुरतो.

अभ्यासासाठी आपण गुहागर तालुक्यातला दाभोळ प्रकल्प घेऊ. जून १९९२ मध्ये अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीशी सामंजस्य करार झाला. निविदा काढल्या नाहीत. निविदा काढल्या की दुसरेही भाव सांगतात आणि उगाच गोंधळ होतो. १९९३ मध्ये जागतिक बँकेने कर्ज द्यायला नकार दिला. एवढी महाग वीज एवढ्या प्रमाणात महाराष्ट्राला परवडणार नाही, असं तिचं म्हणणं होतं. जागतिक बँक खासगीकरणाच्या विरोधात असल्याचा आरोप तोपर्यंत कोणी केलेला नव्हता. तरीही डिसेंबर १९९३ मध्ये वीज खरेदी करारावर सह्या झाल्या.

कराराचा गाभा असा. विजेच्या किमतीचे दोन भाग करायचे. एक भाग तुम्ही जेवढी वीज घ्याल तेवढ्याचा. दुसरा भाग प्रकल्प उभा आहे याबद्दलचा. तो वीज घेतली नाही तरी द्यायचा. मंगल कार्यालय घेतलं आणि लग्न मोडलं, तर भाडं सुटत नाही, त्यातलाच प्रकार. फरक इतकाच की इथे कार्यालय रोजचं घेतलेलं होतं, भाडं डॉलरशी बांधलेलं होतं, आणि रुपया घसरला तर घसरणही वधूपक्षाकडे.

आता एवढं भाडं विद्युत मंडळ देईल याचा भरवसा काय? म्हणून राज्य सरकारची हमी घ्यायची. राज्य सरकारने हात वर केले तर? म्हणून केंद्र सरकारची प्रतिहमी घ्यायची. याला धंद्यातली जोखीम पत्करणं म्हणतात. ती कोणी पत्करली, ते शेवटच्या सहीपर्यंत नीट पाहत जावं.

पुढचा भाग राजकारणाचा. १९९५ मध्ये शिवसेना-भाजप युतीचं सरकार आलं. प्रकल्प अरबी समुद्रात बुडवायची घोषणा होतीच, त्याप्रमाणे ऑगस्टमध्ये करार रद्द झाला. काही महिन्यांनी फेरवाटाघाटी होऊन प्रकल्प समुद्रातून वर आला तो मोठा होऊन : आधी ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा, आणि दुसरा धरून एकूण २१८४. मे १९९६ मध्ये दिल्लीत तेरा दिवसांचं सरकार होतं. त्या तेरा दिवसांतही प्रतिहमीला मंजुरी देण्याएवढा वेळ निघाला. यावरून काम करायचं ठरवलं तर सरकारं किती वेगाने चालतात, हे दिसतं.

मे १९९९ मध्ये वीज सुरू झाली. नॅफ्थ्यावर चालणारं केंद्र, डॉलरचा भाव चढा, आणि ती महाग वीज घ्यायची म्हणून मंडळाला स्वतःची कोळशावरची स्वस्त केंद्रं कमी चालवायची पाळी. मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणं थांबवलं. माधव गोडबोले समितीने कराराची चिरफाड केली. डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेत एन्रॉनचंच दिवाळं वाजलं, ते वेगळ्याच हिशोबांच्या भानगडीत. कोकणातलं केंद्र गंजत पडलं. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांना पुढे करून रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी काढली आणि केंद्र तिच्या पदरात घातलं.

म्हणजे खासगी म्हणून जन्मलेला प्रकल्प सरकारी म्हणून जगला. दोन्ही वेळा खर्च ग्राहक आणि करदाता यांच्याच नावावर होता, आणि हे दोघे बहुतेक वेळा एकच गृहस्थ असतात.

एक सूचना : करार गुप्त ठेवा. दाभोळचा करार लोकांना बराच काळ पाहायलाच मिळाला नाही. पुण्याच्या ‘प्रयास’ गटातल्या काही अभियंत्यांनी हाती आलेल्या आकड्यांवरून हिशोब मांडला आणि ही वीज मंडळाला कशी बुडवेल ते आधीच सांगून ठेवलं. गणित येणारी माणसं या धंद्याला घातक असतात. त्यांच्याविषयी शेवटी पुन्हा येईल.

आयोग पाळणे

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग १९९९ मध्ये स्थापन झाला. मुंबईत कफ परेडला वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये, तेराव्या मजल्यावर. आयोग आला की मालक सरकारी असो की खासगी, दोघांनाही एकच सूत्र लागू होतं : कंपनीने वाजवी खर्च दाखवावा, आयोगाने तो तपासावा, त्यावर भांडवलावरचा ठरलेला परतावा घालावा आणि येईल ती रक्कम ग्राहकांत वाटावी.

नवशिक्यांना हे कडक वाटतं. नीट पाहा. परतावा भांडवलावर आहे, तेव्हा जितकं भांडवल घालाल तितका परतावा वाढतो. जुनी डीपी दुरुस्त केली तर फक्त खर्च. नवीन बसवली तर परतावा. मग दुरुस्तीपेक्षा खरेदी जास्त का आवडते, हे वेगळं शिकवायला नको. हा मोह खासगी कंपनीला होतो तसाच सरकारी कंपनीलाही होतो, आणि निविदा निघत असल्यामुळे कधीकधी जरा जास्तच होतो.

दुसरी सोय काळाची. दर आधी अंदाजाने ठरतात. वर्ष संपल्यावर खरा हिशोब लागतो, त्यात तूट निघाली तर ती पुढच्या वर्षांच्या दरांत घालता येते, व्याजासकट. २०१० ची तूट २०१५ मध्ये वसूल होते. नाशिकमध्ये आज भाड्याने राहायला आलेला मुलगा आधीच्या भाडेकरूने वापरलेल्या विजेचा काही भाग भरत असतो, आणि पुढच्याने आपला भरावा अशी आशा करत असतो. राजकारणात याला दरवाढ टाळणं म्हणतात. दरवाढीचा निर्णय कोणी, कधी घेतला हे शोधेपर्यंत ऊर्जामंत्री दोनदा बदललेले असतात.

आयोगाने मनासारखा आदेश दिला नाही तर? २८ मार्च २०२५ ला आयोगाने महावितरणचे दर कमी करणारा आदेश दिला. लोक खूश. महावितरण म्हणाली, आकडेमोडीत चुका आहेत, फेरविचार करा. २ एप्रिलला स्थगिती आली. २५ जूनला नवा आदेश निघाला आणि १ जुलैपासून लागू झाला. स्वस्ताईचा तो आदेश पाच दिवस जगला; तेवढ्यात कोणाचं बिलही छापून झालं नसेल.

आयोगामुळे काहीच झालं नाही असं मात्र म्हणता येणार नाही. उलट त्याने एक मोठी आफत केली, तिच्याकडे आता वळू.

गळती कुठे लपवावी

मंडळाच्या काळात उत्तम जागा होती : शेतीपंप. लाखो पंपांना मीटर नव्हते, बिल अश्वशक्तीवर. म्हणजे ते किती वीज वापरतात हे कोणालाच ठाऊक नाही. वाहिन्यांत वाया गेलेली, कारखान्यात चोरलेली, फ्लॅटच्या मीटरला वळसा घालून गेलेली, सगळी वीज शेतकऱ्याने ओढली असं लिहायचं. हिशोब जुळतो, आणि शेतकऱ्याला सबसिडी मिळते म्हणून शहरी माणूस त्याच्या नावाने बोटं मोडतो.

आयोगाने पहिल्याच सुनावण्यांत ‘हे पंप एवढं पाणी उपसतात तरी कुठे?’ अशा अर्थाचे प्रश्न विचारले. वर्षानुवर्षं अठरा-वीस टक्क्यांच्या आसपास दाखवली जाणारी गळती तीस टक्क्यांच्या पुढे निघाली. एका रात्रीत तारा गळायला लागल्या नव्हत्या. टॉर्च तेवढा पहिल्यांदा पडला. त्यानंतर वीस वर्षांनी आयोगानेच नेमलेल्या कार्यगटालाही शेतीचा वापर वाढवून दाखवला जातो असंच आढळलं. यावरून चांगली जागा कोणी सहजासहजी सोडत नाही, हे दिसतं.

ज्याच्या नावावर एवढी वीज लिहिली जाते त्याला ती कशी मिळते? एका आठवड्यात दिवसा आठ तास, दुसऱ्या आठवड्यात रात्री दहा. थंडीत, बिबट्याच्या हद्दीत, बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायचं. डीपी जळाली की ती आणायला ट्रॅक्टर कोणाचा, डिझेल कोणाचं, यावर गावात बैठक बसते आणि वर्गणी निघते. त्या वर्गणीला कुठल्याही आयोगाच्या तक्त्यात रकाना नाही. २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांची वीज पाच वर्षांसाठी मोफत झाली. कागदावर आता बिलही सरकार भरतं. रात्रीची पाळी शेतकऱ्याकडेच आहे.

भाड्याने मालक

मालकी सोडायची नाही आणि काम करायचं नाही, अशी तुमची प्रकृती असेल तर फ्रँचायझी नेमा. भिवंडीत निम्म्याहून जास्त वीज बिलाविना जात होती. यंत्रमागांच्या गल्ल्यांत वसुलीला जाणं म्हणजे दिव्य. जानेवारी २००७ पासून टोरंट कंपनीला काम दिलं. महावितरणकडून ठरलेल्या दराने वीज घ्यायची, आयोगाच्या दराने विकायची, मधली बचत तिची. गळती काही वर्षांत विशीच्या घरात आली. मीटर भलतेच पळतात, ही मागवाल्यांची तक्रार तेव्हापासूनची.

झालं, नुस्खा सापडला! २०११ मध्ये नागपूर, औरंगाबाद आणि जळगाव तिन्ही ठिकाणी तोच काढा पाजला. औरंगाबादेत जीटीएल २०१४ मध्ये गेली. जळगावात क्रॉम्प्टन २०१५ मध्ये. नागपुरात स्पॅन्कोची एसएनडीएल झाली आणि तिने २०१९ मध्ये मान टाकली. सगळीकडे थकबाकी मागे उरली आणि लाईनमन महावितरणचे परत आले. भिवंडीत चोरी इतकी होती की नुसतं मीटर बसवून घर चालत होतं. बाकी शहरांत सोपी कमाई तेवढी नव्हती, आणि बोली मात्र भिवंडी डोळ्यांपुढे ठेवून लावलेल्या. खासगीकरणाचे समर्थक भिवंडीची गाडी पकडतात, विरोधक जळगावची. दोन्ही गाड्या कल्याणला थांबतात, पण कोणी उतरून दुसऱ्याशी बोलत नाही.

स्पर्धा (हे प्रकरण ऐच्छिक)

मुंबई उपनगरात एकाच घराला दोन कंपन्यांमधून निवड करता येते. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटांना किरकोळ ग्राहकांना वीज विकायला मोकळीक दिली, २००९ मध्ये आयोगाने सांगितलं की तारा रिलायन्सच्याच वापरा, वीज टाटांची घ्या. टाटांची वीज स्वस्त होती. लोक रांगेने गेले, त्यात मोठे ग्राहक पुढे. मागे राहिले ते झोपडीतले आणि चाळीतले, ज्यांच्या बिलाचा काही भार हे मोठे ग्राहकच उचलत होते. मग गेलेल्यांवर अधिभार आला, आणि २०१२ मध्ये नवे ग्राहक घ्यायचे तर तीनशे युनिटांपर्यंतचेच घ्या असा आदेश निघाला, तोही पुढे अपिलात गेला. निवड करायची मुभा ग्राहकाला दिली होती. कंपन्याही ग्राहक निवडतात, याचा विसर पडला होता.

म्हणूनच अदानींनी भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई या पट्ट्यासाठी समांतर परवाना मागितला तेव्हा महावितरणचे कर्मचारी ४ जानेवारी २०२३ ला संपावर गेले. संप त्याच दिवशी मिटला. कर्मचाऱ्यांना नोकरीची काळजी होती हे खरं, पण हिशोबही त्यांचा चुकीचा नव्हता : नियमित आणि भरपूर बिल भरणारा पट्टा गेला की विदर्भातल्या पंपाचा भार उचलायला कोण राहतं?

भारनियमन

विजेचा तुटवडा पडल्यास फिडरची प्रतवारी करा. ज्या फिडरवर गळती कमी, वसुली चांगली तो ‘अ’ गट. तिथून खाली ‘ग’पर्यंत उतरत जा, आणि ‘ग’चेही तीन पोटभेद पाडा. खालच्या गटांत अंधार जास्त. न्याय्य वाटतं ना? दर महिन्याला रांगेत उभी राहून बिल भरणारी एक आजी ‘ग-३’ फिडरवर राहते. शेजाऱ्याच्या आकड्याची शिक्षा तिला होते, कारण वीज तोडायला शिडी लागते आणि फिडर बंद करायला नुसतं बटण.

पुण्याने २००६ मध्ये जादा आकार भरून भारनियमन विकत टाळलं. पैसे असतील तर ही पद्धत फार छान आहे.

स्मार्ट मीटर

सव्वादोन कोटींच्या आसपास मीटर बदलायची कंत्राटं २०२३ मध्ये दिली. लोकांनी ‘आधी पैसे, मग वीज’ ऐकलं आणि मोर्चे निघाले. निवडणुका जवळ होत्या. जून २०२४ मध्ये सामान्यांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही असं जाहीर झालं. त्यानंतर टीओडी (दिवसाच्या वेळेनुसार वापर मोजणारे) मीटर लावायला सुरुवात झाली, बिल महिन्याअखेरच. मीटर ओळखीचे वाटतात असं काही ग्राहक म्हणतात.

सुनावणी कशी पार पाडावी

कायद्याने दरवाढीआधी लोकांचं म्हणणं ऐकावं लागतं. प्रस्ताव शेकडो पानांचा करा. जाहिरात मराठी आणि इंग्रजी वर्तमानपत्रांत द्या, अक्षर बारीक. हरकतीला साधारण तीन आठवडे. इंग्रजी तक्ते मराठीत आणायचा आग्रह कोणी धरला तर सारांश द्या; सारांशात तोटा दिसत नाही.

अमरावती, नागपूर, पुणे अशा ठिकाणी सुनावणी असेल. बहुतेक लोक स्वतःच्या बिलाची तक्रार घेऊन येतील. त्यांना प्रेमाने उपविभागाचा पत्ता द्या. उद्योजक येतील, आपले दर शेजारच्या राज्यांपेक्षा जास्त असल्याचं सांगतील. ऐका. पक्षाचे कार्यकर्ते घोषणा देतील. त्यांचा फोटो निघाला की ते जातात.

धोका आहे तो मागच्या रांगेत बसलेल्यांचा. प्रयासचे, ग्राहक पंचायतीचे, इचलकरंजीचे प्रताप होगाडे यांच्यासारखे, किंवा कुठल्याही संघटनेत नसलेले एखादे निवृत्त अभियंता. ते घोषणा देत नाहीत. सरकारी की खासगी, याच्यात त्यांना फारसा रस नसतो. ते उभे राहून पान क्रमांक सांगतात आणि विचारतात की तीन वर्षांपूर्वी मंजूर झालेली उपकेंद्रं झाली का, झाली असतील तर कोणत्या गावात, आणि झाली नसतील तर त्यांवरचा परतावा आम्ही का भरतोय. अशा वेळी मंत्री, मालक, बाजार, धोरण यांपैकी काहीही उपयोगी पडत नाही. ‘लेखी उत्तर सादर करू’ एवढंच म्हणा. ते मुदत विचारतील. पुढचं नाव पुकारलं जाईपर्यंत कागद चाळत राहा.